मदत हवी आहे: ऑफिसातल्या चित्रांच्या गटातले नवशिके गळतायत

नमस्कार मंडळी,

पणजीत पाटोवर आमचं ऑफिस आहे. जूनपासून दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आम्ही काहीजण चित्रं काढायला बसतो. शिकवणारं कुणी नाही. पुढाकार माझा, पण शाळा सुटल्यापासून मीही पेन्सिल धरली नव्हती. २बी पेन्सिल, कागद, आणि खोडरबर नाही, एवढाच नियम. पावसात कागद सादळतो, ते चालवून घेतो.

पणजी मार्केटच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची माणसं सगळ्यांनी लहानपणापासून बघितलेली. मारिओ मिरांडा चित्रकला शिकायला कुठल्या कला महाविद्यालयात गेले नव्हते, हे सांगितल्यावर ११ जण आले. गणेश चवथीनंतर पाचच उरलोत.

कारण मला ठाऊक आहे असं वाटतं. आमच्यातला एकजण सावंतवाडीचा, शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेला. हात सुरेख, माणूसही भला. एकदा मी उंडे, म्हणजे गोव्याचे गोल पाव आणले होते, म्हटलं गोल तर सगळ्यांनाच जमेल. अकाउंट्समधल्या ताई वरच्या चिरेपाशी अडल्या. बोटाने चीर चाचपली, पुन्हा बघितलं, मग एका दमात रेघ ओढली. काय रेघ होती ती! तेवढ्यात ह्याने "इथे सावली द्या" म्हणत त्यांच्याच कागदावर दोन फटकारे मारले. उंडा छान भरीव दिसायला लागला, पण ताईंचा राहिला नाही. त्या पुढच्या बुधवारपासून आल्या नाहीत.

उलट, कागदाकडे न बघता समोरच्याचा चेहरा एकसलग रेघेत काढायचा, हा प्रकार मस्त जमला. त्यात सगळ्यांचंच नाक कानाजवळ जातं, सावंतवाडीवाल्याचंसुद्धा. त्या दिवशी कुणी कागद लपवला नाही. असे आणखी काही प्रकार सुचवाल का?

त्याला न दुखवता कसं सांगू? शेवटी चित्रं एकमेकांना दाखवायची पद्धत बंद करावी का? आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याला बोलवा असं दोघं म्हणतात, पण मग त्याचा क्लास होईल अशी मला धास्ती वाटते. पाऊस ओसरला की फोंतेन्हासमध्ये, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांच्या वस्तीत, बसायचा विचार आहे. घरांपेक्षा आधी नुसती एक खिडकी काढायला दिली तर सोपं जाईल ना?

ताईंचा तो कागद टेबलावर राहिला होता, मी जपून ठेवलाय. त्यांना नेऊन देऊ, की नको?