माल्टा: आई-बाबांसोबत सात दिवस, गोझोला मुक्काम करावा का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन माल्टाला जातोय. व्हॅलेटाच्या सेंट जॉन्स कॅथेड्रलमधलं काराव्हाज्जोचं १६०८ सालचं भलंमोठं चित्र आणि गोझो बेटावरची जगांतिया मंदिरं बाबांना बघायचीच आहेत. इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी मंदिरं, त्यांचा हट्ट मलाही पटतो! हायपोजियम या जमिनीखालच्या प्राचीन दफनस्थळात मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून ती तिकिटं आधीच काढली.

आईला मात्र समुद्र हवा, आणि तिचे गुडघे दुखतात. पायऱ्या न उतरता पाण्यात जाता येईल असा वाळूचा किनारा कोणता, मेलीहा की गोझोचा रामला? गोझोला फेरीनं जाऊन संध्याकाळी परतावं की दोन रात्री तिथेच राहावं? तिथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, तर गाडी भाड्यानं घेऊ की बसनं भागेल? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.