पोकर हा पेशा म्हणायचा का? स्टू उंगारच्या निमित्ताने

उत्तररात्र

माझा भाचा कॅलिफोर्नियात वाढलेला, वय २६. चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ पोकर खेळायचं म्हणतोय. तिथे पत्त्यांचे क्लब कायदेशीर आहेत, त्यामुळे आडवे येणारे फक्त आम्ही घरचे. मी त्याला स्टू उंगारची गोष्ट सांगितली, ती थोडक्यात इथे देतो.

उंगार १९५३ चा, न्यूयॉर्कचा. वडील बार चालवायचे आणि तिथेच पैजाही घ्यायचे. पोरगा जिन रमीत इतका पुढे गेला की त्याच्याशी पैसे लावून बसायला कुणी तयार होईना, म्हणून पोकरकडे वळला. १९८० आणि १९८१, लागोपाठ दोनदा त्याने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या दरवर्षीच्या स्पर्धामालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. पुढे कोकेनने त्याला पोखरलं. १९९० ला स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) सक्तीच्या पैजांत झिजत राहिल्या, तरी तो नववा आला! १९९७ ला तिसऱ्यांदा जिंकला, बक्षीस दहा लाख डॉलर. आणि २२ नोव्हेंबर १९९८ ला लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात ४५ व्या वर्षी गेला. अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी काढावी लागली.

भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, उंगार पोकरमुळे मेला नाही." मला पटकन उत्तर सुचलं नाही. पण माझं मत बदललेलं नाही. एवढा मोठा खेळाडू जिथे तग धरू शकला नाही, त्याला पेशा कसं म्हणायचं? तो नादच.

आकडेमोड

भाच्याचं बरोबर आहे. उंगारने पोकरमध्ये कमावलं आणि घोड्यांवर, सामन्यांवर, गोल्फच्या पैजांवर घालवलं. हे दोन वेगळे हिशेब आहेत. पोकरमध्ये तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळत नाही, समोर बसलेल्या माणसांविरुद्ध खेळता. कॅसिनो आपला वाटा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. तो वजा करूनही तुम्ही बाकीच्यांपेक्षा सरस असाल, तर वर्षाकाठी पैसे उरतात. रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकावरच्या नशिबाच्या खेळावर, कितीही हुशार माणूस बसवा, उरणार नाहीत.

डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ चा विजेता. १९८० ला शेवटच्या दोघांत उंगारकडून हरला. दहा ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीजमधली स्पर्धा जिंकल्यावर मिळतं ते कडं) जिंकला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. एरिक सायडेल शेअर बाजारातून आला, त्याचीही दहा ब्रेसलेट. असे लोक वर्षानुवर्षं कामाला गेल्यासारखे टेबलावर जातात. त्यांची उदाहरणं मामा लोक देत नाहीत.

कोकणकडा

दोन हिशेब वेगळे, हे कागदावर. माणूस एकच असतो ना?

उंगारचं बळ कशात होतं ते बघा. समोरच्याची भीती ओळखायची आणि पुढ्यातलं सगळं पुन्हा पुन्हा मध्ये ढकलायचं. हे जमायला चिप्स म्हणजे पैसा आहे हे विसरावंच लागतं. जो घराचा हप्ता आठवत बसेल तो त्या टेबलावर मार खाईल. मग जे विसरायची सवय वीस वर्षं अंगात मुरवली, ते रात्री टेबलावरून उठताना कसं आठवायचं? स्मरणशक्तीत तर तो अचाट होता. १९७७ ला कॅसिनो चालवणाऱ्या बॉब स्टुपाकशी पैज लावून त्याने सहा जोडांच्या गठ्ठ्यातले पत्ते एकेक बघत शेवटी उरलेला पत्ता कोणता ते बरोबर सांगितलं आणि एक लाख डॉलर जिंकले. इतके पत्ते ध्यानात ठेवणाऱ्याला आपलं देणं ध्यानात राहत नव्हतं असं नाही. त्याला त्याची किंमत वाटत नव्हती. ही किंमत न वाटणं त्याला पोकरनेच शिकवलं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला रात्रभर पत्ते चालतात. पैसे लागले की दोन तासांत ओळखीची माणसं अनोळखी दिसायला लागतात. मी ते बघत मोठा झालोय.

मांडवीकाठ

मी पणजीला कॅसिनोच्या जहाजावर चार वर्षं पत्ते वाटलेत, म्हणून लिहितो. पोकरवर खरंच पोट भरणारे मोजके असायचे आणि ते ओळखू यायचे. दहातले आठ हात ते बघून गुमान टाकून देत. तासन् तास. बघणाऱ्याला कंटाळा येईल असं काम आहे ते. पिऊन खेळत नसत, हरत असले तरी ठरल्या वेळेला उठत.

पण मी आणखी एक बघायचो, की उठून कुठे जातात. काही जण चिप्स वटवून थेट फेरीबोटीकडे. काही जण, आणि यात खेळात सरस असलेलेही आले, दहा तास कष्टाने मिळवलेलं रूलेटवर वीस मिनिटांत ठेवून येत. वरची दोन्ही मतं मला पटतात ती यामुळेच. खेळात कौशल्य आहे याबद्दल मला शंका नाही. पण ते कौशल्य जिथे विकायचं, ती जागा तुम्हाला लुटायलाच बांधलेली आहे.

तळटीप

कौशल्याचा मुद्दा भारतात ऑनलाइन खेळांपुरता तरी आता संपला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं आणि पोकरवाले त्याच आधाराने भांडत होते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. माझ्या मते योग्य केलं.

आकडेमोड

@तळटीप, मला अयोग्य वाटतं, पण तो वेगळा धागा.

@उत्तररात्र, भाच्याला उंगारपेक्षा एक गणित सांगा. १९९७ च्या मुख्य स्पर्धेत ३१२ खेळाडू होते, प्रवेश फी १०,००० डॉलर. समजा एखादा सरासरी खेळाडूच्या पाचपट चांगला आहे. तरी तो अशा साधारण ६२ स्पर्धांत एकदा जिंकेल. मधल्या ६१ वेळा फी कोण भरणार? उंगारची त्या वर्षीची फी बिली बॅक्स्टर या दुसऱ्या पोकर खेळाडूने भरली होती आणि बक्षिसातला अर्धा वाटा बॅक्स्टरला गेला. म्हणजे वर्तमानपत्रात दहा लाख, हातात पाच. बहुतेक व्यावसायिक असेच स्वतःचे हिस्से विकून खेळतात. जिंकलेली रक्कम म्हणजे कमाई नव्हे. हे ज्याला कळतं त्याच्यासाठी हा पेशा आहे, या मतावर मी ठाम आहे.

ओसरी

सगळे टेबलाविषयी लिहिताय, मी घराविषयी लिहिते. १९९७ ला उंगार मुलीचा फोटो जवळ ठेवून खेळत होता, मध्ये मध्ये तिला फोन करून खेळ कसा चाललाय ते सांगत होता. ते पाच लाख काही महिन्यांत संपले. पुढच्या वर्षी बॅक्स्टर पुन्हा फी भरायला तयार होता, उंगार खेळायलाच उतरला नाही. त्या मुलीने दोन्ही वर्षं बघितली.

माझे वडील पोकर खेळत नव्हते, रमी खेळायचे, आणि चांगली खेळायचे. जिंकून आले की रात्री अकराला आम्हाला उठवून आइस्क्रीम खायला न्यायचे. हरून आले की आईची पाटली जायची. वर्षाअखेर ते फायद्यात होते की तोट्यात, मला आजही माहीत नाही. आम्ही मात्र रोज दाराच्या आवाजावरून अंदाज बांधत जगलो. त्या भाच्याचं लग्न ठरत असेल, तर त्या मुलीला हे सगळं आधी कळू द्या.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार. ओसरी, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला.

भाच्याशी काल रात्री बोललो. उंगारचं नाव काढलं नाही, फक्त हिशेब मागितला. त्याने तासाभरात फाइल पाठवली. चौदा महिन्यांचा प्रत्येक दिवस आहे. किती तास, किती हरला, किती जिंकला, रेक किती गेला. फायद्यात आहे, हे कबूल करतो. आकडेमोड, तुम्हाला आवडेल अशी फाइल आहे.

मग मी विचारलं, सामन्यांवरच्या पैजांचा रकाना कुठाय? त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.