शब्दचर्चा: ‘छिटमहाल’ आणि त्यांची अदलाबदल

पाटीपेन्सिल:
भारत-बांगलादेश सीमेवरच्या एका लेखाचं मराठीकरण करतेय. त्यात ‘छिटमहल’ पावलोपावली येतं. राजवाड्याशी संबंध नाही, दुसऱ्या देशाने वेढलेले मुलखाचे तुकडे ते, एवढं कळलं. मराठीत काय लिहावं? आणि ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी हे तुकडे एकमेकांना देऊन टाकले, त्याला ‘सत्तांतर’ चालेल का?

अडकित्ता:
सत्तांतर नको. वाचक विचारेल, सरकार कुणाचं पडलं?

जुनीबखर:
‘छिटमहाल’ लिहा, बिनदिक्कत. महाल आपलाच आहे. तालुक्याहून लहान वसुली विभाग तो महाल, त्यावरचा अंमलदार महालकरी. पंचमहाल जिल्ह्यात काही पाच राजवाडे नाहीत, शिंद्यांकडचे पाच महाल होते ते. बंगालीत छिट म्हणजे सुटा तुकडा, शिंतोडासुद्धा. थोडक्यात, मूळ मुलखापासून तुटलेला वसुलीचा तुकडा.

कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावत, त्यातून हे तुकडे झाले असं सांगतात. गोष्ट झकास आहे, पण गोष्टच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगल आणि कूचबिहार यांच्यात तह झाला, तेव्हा ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याच्याकडे राहिलं. १९४७ला रंगपूर पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) गेलं, १९४९ला कूचबिहार भारतात आलं, आणि वसुलीच्या हद्दी देशांच्या हद्दी होऊन बसल्या. दहला खागराबाडी हे तर जेमतेम पावणेदोन एकरांचं तागाचं शेत. बांगलादेशात भारत, त्यात बांगलादेश, त्यात पुन्हा हा भारत!

रानमेवा:
घटनेला सरळ ‘अदलाबदल’ म्हणा. बंगालीतही ‘छिटमहल बिनिमय’च म्हणतात. बांगलादेशातले आपले १११ तिकडे गेले, आपल्याकडचे त्यांचे ५१ इकडे आले. करार १९७४चा, इंदिरा-मुजीब यांचा. अंमल व्हायला ४१ वर्षं आणि शंभरावी घटनादुरुस्ती लागली.

पाटीपेन्सिल:
पण ‘अदलाबदल’ म्हटलं की माणसंही इकडची तिकडे गेली असं वाटतं ना?

रानमेवा:
वाटतं खरं, आणि तिथेच वाचक फसतो. म्हणून ‘स्थलांतर’ मथळ्यात येऊ देऊ नका. बांगलादेशातल्या आपल्या छिटांत ३७ हजारांवर माणसं होती. भारतीय राहायचं असेल तर उठून भारतात या, नाहीतर आहात तिथे बांगलादेशी व्हा, असा पर्याय होता. आली हजाराच्याही आत. आपल्याकडच्या त्यांच्या छिटांत १४ हजार होते, त्यातलं कुणीच गेलं नाही. देशप्रेमाचे धडे यातून काढू नयेत असं माझं मत. जमीन, सोयरीक, बाजार जिथे होता तिथे लोक राहिले. जे आले त्यांना दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडीच्या छावण्यांत पत्र्याच्या खोल्या मिळाल्या आणि तिथे वर्षानुवर्षं काढावी लागली.

आपल्याकडे राहिलेल्यांचाही त्रास संपला नव्हता. दिनहाट्याजवळच्या मशालडांग्यासारख्या गावांतली पोरं अदलाबदलीआधी भारतीय शाळेत घालायची तर, खरा बाप भारतीय नसल्याने, बापाच्या रकान्यात शेजारच्या भारतीय गावातल्या कुणाचं तरी नाव लिहीत. मोठेपणी नागरिकत्व मिळालं, पण दाखल्यावर बाप भलताच. नाव बदलून घ्यायला पुन्हा कचेरीचे खेटे. जमिनीचे कागद तर त्याहून उशिरा. त्यासाठी बंगाल विधानसभेने २०१८ला कायदा दुरुस्त केला.

पाटीपेन्सिल:
अरे बापरे. म्हणजे लेखातलं ‘खोटे वडील’ शब्दशःच आहे! मला अलंकार वाटला होता.

अडकित्ता:
शब्दशःच ठेवा, अवतरणचिन्हांत. जाता जाता, आपल्या शेजारचा दादराही चारी बाजूंनी भारताने वेढलेला पोर्तुगीज तुकडा होता. पण १९५४ला तिथे जे झालं त्याला आपण ‘मुक्ती’ म्हणतो, अदलाबदल नाही. तिथे कुणी कुणाला काही परत दिलं नव्हतं. उलट पोर्तुगाल वाट मागायला थेट हेगच्या न्यायालयात गेला.

पाटीपेन्सिल:
आता शेवटचं. २०१५ नंतरच्या गावांना ‘माजी छिटमहाल’ म्हणू? माजी म्हटलं की आमदार डोळ्यांपुढे येतो.

जुनीबखर:
हा हा. बंगालीत ‘साबेक छिटमहल’ किंवा ‘बिलुप्त छिटमहल’ म्हणतात. साबेक म्हणजे आपल्या जुन्या कागदांतलं ‘साबिक’, पण आज कोण ओळखणार? ‘पूर्वीचे छिटमहाल’ लिहा. ‘छिटेर लोक’ हे मात्र ‘छिटमहालवासी’ असं गोड करू नका. आजूबाजूचे लोक ते हिणवून म्हणत, तेव्हा ‘छिटातली माणसं’ बरं. आणि सरसकट ‘सर्व छिटमहाल संपले’ असंही नको. दहग्राम-आंगरपोता अदलाबदलीत नव्हता. तो अजून बांगलादेशचाच आहे, भारताने वेढलेला. तीन बिघा या भारतीय पट्ट्यातून १९९२पासून बांगलादेशात जायला वाट आहे, आणि २०११पासून ती चोवीस तास उघडी असते.