‘ग्लाइशशाल्टुंग’ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
१९३३ मध्ये जर्मनीत नाझींनी सत्ता कशी घट्ट केली, यावरच्या प्रकरणाचा अनुवाद चालू आहे आणि ‘ग्लाइशशाल्टुंग’पाशी गाडं अडलंय. ३१ मार्च १९३३ च्या कायद्याच्या नावातच हा शब्द आहे: प्रांतांचं केंद्राशी ‘ग्लाइशशाल्टुंग’. कोशात ‘समन्वय’ मिळतो. कायद्याने केलं काय, तर प्रशिया वगळता सगळी प्रांतिक विधिमंडळं बरखास्त केली आणि निवडणूक न घेताच, ५ मार्चच्या राइशस्टागच्या (केंद्रीय संसदेच्या) निवडणुकीत त्या त्या प्रांतात पडलेल्या मतांच्या प्रमाणात नव्याने भरली. कम्युनिस्टांच्या जागा रिकाम्याच ठेवल्या. प्रांतिक मंत्रिमंडळांना विधिमंडळाला न विचारता कायदे करायची मुभा दिली. याला समन्वय म्हटलं तर वाचकाला दोन खात्यांची संयुक्त बैठक आठवेल. पुढे हेच क्रियापद कामगार संघटना, वर्तमानपत्रं, गायन मंडळं, सगळ्यांना लावलंय, त्यामुळे एकच शब्द सगळीकडे चालायला हवा. सध्या ‘एकसूत्रीकरण’ लिहून ठेवलंय.

जुनी वही
आपल्याकडे तयार शब्द आहे: खालसा करणे. डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केला, तसे हिटलरने प्रांत खालसा केले. वाचकाला एका शब्दात कळेल.

मृण्मयी
खालसा नाही चालणार. खालसा झालेलं संस्थान उरत नाही; गादी जाते, मुलूख थेट सरकारकडे जातो. इथे बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग ही नावं, मंत्रिमंडळं, कचेऱ्या सगळं जागेवर राहिलं. ७ एप्रिलच्या दुसऱ्या कायद्याने प्रांताप्रांतावर राइशस्टाटहाल्टर, म्हणजे केंद्राचा सुभेदार बसवला. प्रांतिक मंत्र्यांना नेमायचा नि काढायचा अधिकार त्याच्याकडे. ३० जानेवारी १९३४ ला विधिमंडळं कायमची गेली आणि प्रांतांची सार्वभौमता केंद्राकडे आली, तरी प्रांत कारभाराचे विभाग म्हणून चालूच राहिले. टरफल ठेवून गर काढून घेतलाय. हा फरक पुसणारा शब्द अनुवादात नको. त्यापेक्षा ‘अंकित करणे’ जवळचं. मांडलिकाची गादी राहते, हुकूम दुसऱ्याचा चालतो.

तारमास्तर
शब्दाचं मूळ बघा. ‘ग्लाइश’ म्हणजे सारखं, ‘शाल्टुंग’ म्हणजे विजेची जोडणी. दोन जनित्रं एका लाइनवर जोडताना व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी, फेजचा क्रम आणि फेजचा कोन, चारही जुळावे लागतात. जुन्या पद्धतीत स्विचच्या दोन्ही बाजूंमध्ये तीन दिवे लावतात. त्यांची उघडझाप मंदावत जाते, आणि तिन्ही पूर्ण विझतात त्या क्षणी स्विच मारायचा. चुकीच्या क्षणी मारला तर प्रचंड करंट वाहतो आणि शाफ्टला असा हिसका बसतो की कपलिंग तुटू शकतं.

मुद्दा असा की जुळवून घेतं ते नवं मशीन. मोठी लाइन आपली फ्रीक्वेन्सी त्याच्यासाठी बदलत नाही. आणि एकदा जोडलं की ते स्वतःच्या वेगाने फिरू शकत नाही, लाइन त्याला ओढत नेते. ‘समन्वय’ इथेच पडतो, कारण समन्वयात दोन्ही बाजू सरकतात. ‘एकसूत्रीकरण’ही पडतं, कारण सूत्रात ओवलेले मणी जागच्या जागी स्वस्थ असतात. मी ‘जुंपणे’ सुचवतो. बैल जुंपतात, कामाला माणसं जुंपतात, आणि दिशा ठरवणारा वेगळाच असतो.

बोरूबहाद्दर
जुंपणे ठीक, पण ‘प्रांतांना केंद्राशी जुंपण्याबाबतचा कायदा’ हे कायद्याचं नाव होऊ शकेल का? मूळ शब्द सरकारने मुद्दाम कोरडा, तांत्रिक निवडलाय. इंजिनियरच्या तोंडी शोभणारा शब्द ऐकून कुणाला धोका वाटू नये, हाच त्याचा उपयोग होता. अनुवादात तो कोरडेपणा राहिलाच पाहिजे, म्हणून संस्कृत शब्दच हवा: एकरूपीकरण, समरूपीकरण. खालसा, सुभेदार असले फारसी-अरबी शब्द कशाला? शिवकाळात राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत प्रतिशब्द दिले, सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी आयुष्यभर हट्ट धरला, आणि आपण मागे चाललोय.

जुनी वही
जो शब्द मराठी माणूस दस्तात, कोर्टात, सातबाऱ्यावर रोज वापरतो तो मराठीच. ‘दस्त’ही फारसी आणि ‘सरकार’ही फारसी. उद्या ‘सरकारजमा’ म्हणायचं नाही का? २ मे १९३३ साठी तर तोच नेमका शब्द आहे. १ मे ही भरपगारी राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली, कामगार संघटनांना मिरवणुकीत आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता एसए आणि एसएस या नाझींच्या निमलष्करी दलांच्या तुकड्या देशभर संघटनांच्या कचेऱ्यांत घुसल्या. पुढाऱ्यांना अटक झाली, इमारती, छापखाने, कामगार बँक ताब्यात गेली. १० मे ला त्या जागी ‘जर्मन श्रमिक आघाडी’ उभी केली. मालकही तिचेच सभासद, त्यामुळे संपाचा प्रश्नच संपला. पगाराच्या अटी ठरवायला १९ मे च्या कायद्याने सरकारी विश्वस्त नेमले. याला ‘समरूपीकरण’ म्हणणं म्हणजे सरकारच्या बाजूने बोलणं आहे.

मृण्मयी
मग दोन शब्द करा. कायद्याच्या नावात कोरडा शब्द, लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात उघड शब्द. बोरूबहाद्दरांचा मुद्दा पहिल्यापुरता पटतो.

पण सगळ्यात अवघड भाग अजून कुणी घेतलाच नाही. ‘स्वतःला ग्लाइशशाल्ट करून घेणं’ हाही प्रयोग मूळात आहे आणि तो टाळता येत नाही. हजारो मंडळांकडे तुकडी आलीच नाही. बागकाम मंडळ, नेमबाजी मंडळ, गायन मंडळ, सगळीकडे क्रम साधारण एकच: सभा बोलवायची, घटना बदलायची, निवडलेली समिती काढून एक ‘नेता’ नेमायचा, त्याने आपले सहकारी वरून नेमायचे, आणि ज्यू सभासदांना वगळणारं आर्य कलम घालायचं. काही ठिकाणी हे सगळं एकाच संध्याकाळी उरकलं. म्हणून शब्द असा हवा की तो दुसऱ्यावरही चालेल आणि स्वतःवरही. ‘अंकित होणे’ चालतं, ‘जुंपून घेणे’ चालतं, ‘खालसा होणे’ मात्र आपणहून होता येत नाही.

घाटमाथा
दावणीला बांधणे / आपणहून दावणीला जाणे. संपादकांसाठी तर हेच. ४ ऑक्टोबर १९३३ च्या संपादक कायद्याने (अंमल १ जानेवारी १९३४ पासून) संपादकाचं नाव सरकारी यादीत असणं सक्तीचं झालं. तो स्वतः आणि त्याची बायको दोघंही आर्य असायला हवीत, आणि मजकुराची जबाबदारी मालकाऐवजी त्याच्यावर. यादीतून नाव गेलं की धंदा बंद. दोरी लांब असली तरी खुंटा एकच.

अर्धविराम
‘दावणीला’ बोलण्यात उत्तम, पण या प्रकरणात शब्द चाळीसेक वेळा येतो. त्याचं नाम, विशेषण, कर्मणी सगळं लागतं. ‘दावणीकरण’ कानाला सहन होत नाही. आणि प्रकरणाच्या शीर्षकात ‘टोटॅलिटेरियन’साठी ‘सर्वंकष सत्ता’ आहे, तेवढं तरी कायम ठेवू ना?

बोरूबहाद्दर
सर्वंकष ठेवा. कष् म्हणजे घासणे, खरवडणे. निकष आणि कसोटी त्यातूनच, काठ खरवडत जाणारी नदी ती कूलंकषा. सगळ्याला खरवडणारी सत्ता, याहून नेमका शब्द नाही.

घाटमाथा
शाळेत ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आल्यापासून सर्वंकष म्हणजे चांगलं, सगळ्या बाजूंनी केलेलं. आजच्या वाचकाला खरवडणं दिसत नाही. ‘एकाधिकारशाही’ म्हणा.

मृण्मयी
एकाधिकार कापसाच्या खरेदीचाही होता. आणि ‘टोटॅलिटेरियन’च्या मूळ इटालियन शब्दाचा, ‘तोतालितारियो’चा, जन्म निवडणुकीत झालाय. मे १९२३ मध्ये फॅसिस्टांचे विरोधक असलेले इटालियन पुढारी जोव्हान्नी आमेंदोला यांनी तो वापरला. फॅसिस्टांनी स्थानिक निवडणुकीत बहुमताची यादीही आपली आणि अल्पमताची यादीही आपलीच उभी केली, म्हणजे विरोधकांसाठी ठेवलेल्या जागाही त्यांच्याच. बहुमताची पद्धत, अल्पमताची पद्धत, तशी ही ‘सगळंच’ घेणारी पद्धत. जून १९२५ मध्ये मुसोलिनीने तोच शब्द अभिमानाने उचलला. जुलैत आमेंदोलांना टोळीने बेदम मारलं, एप्रिल १९२६ मध्ये ते फ्रान्समधल्या कान शहरात वारले. त्यामुळे माझं मत ‘सर्वग्राही’ला. त्यात हात घालून सगळं ओढून घेणं दिसतं.

बोरूबहाद्दर
सर्वग्राही म्हणजे सगळं समजून घेणारा! ‘सर्वग्राही बुद्धी’ म्हणतात ती स्तुती असते. घाटमाथांचा ‘सर्वंकष’वरचा आक्षेप तुमच्या शब्दाला जास्त लागू पडतो.

जुनी वही
‘सर्वभक्षी’ मग?

तारमास्तर
ते अग्नीचं विशेषण आहे. शिवाय भक्षण केलं की काही उरत नाही, आणि वर मृण्मयीताईंनी दाखवलंच आहे की इथे प्रांत, मंडळं, वर्तमानपत्रं सगळी उरतात नि चालू राहतात. जुंपणेच.