स्वादुपिंड म्हणजे नुसतं इन्सुलिन नव्हे
स्वादुपिंड (पॅनक्रियास) ही पोटातली ग्रंथी; ‘तिचं काम म्हणजे इन्सुलिन, रक्तातली साखर कमी करणारं संप्रेरक’ असं बरेचदा म्हटलं जातं, त्यात थोडी भर घालते. इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके या ग्रंथीत जेमतेम १-२ टक्के. बाकी जवळजवळ सगळी ग्रंथी पाचकरस तयार करते, रोज १ लिटरहून जास्त! मला थक्क करतं ते त्यातलं ट्रिप्सिन, प्रथिनं फोडणारं. ग्रंथीत ते निष्क्रिय असतं, लहान आतड्यात पोचल्यावरच जागं होतं. आतच जागं झालं तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते आणि पोटातून पाठीत जाणारी असह्य कळ येते. अशी कळ ॲसिडिटी समजून अंगावर काढू नका, प्लीज. आणि हो, रक्तातली साखर घसरली की ग्लुकागॉन हे संप्रेरक सोडून यकृतातला साखरेचा साठा मोकळा करायला लावणारंही स्वादुपिंडच.