मदत हवी आहे : सैनिकाला घरून गेलेली पत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या (१८६१–६५) पत्रांवर दिवाळी अंकासाठी लिहितोय. उत्तरेच्या सैनिकांनी घरी धाडलेली पत्रं ढिगाने सापडतात. तिकीट नसलं तरी ती जात, ३ सेंट घरचे भरत. मला उलटी बाजू हवीय: गावातल्या मित्रमैत्रिणींनी छावणीत कळवलेल्या बातम्या. पीक कसं आलं, कुणाचं लग्न ठरलं, सक्तीच्या भरतीत कुणाचं नाव निघालं. ही कमीच टिकली. पाठीवरच्या पिशवीत मावणार तरी किती! असा स्कॅन केलेला संग्रह कुणी पाहिलाय का? शिवाय कागद वाचवायला आडव्या ओळींवरच उभ्या ओळी लिहिलेल्या असतात, त्या वाचायची काही युक्ती? माझे तर डोळे फिरतात.