सोमवारी पळतं, गुरुवारी रडतं: एमक्यूचा रिप्लाय स्लो, कुठे बघू?

ग्रीनस्क्रीनवाली:
मंडळी, झेडओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम) आमचं सीआयसीएस ॲप आहे (सीआयसीएस म्हणजे ट्रान्झॅक्शन चालवणारं सॉफ्टवेअर), ते एमक्यूवर, म्हणजे मेसेजची ने-आण करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, रिक्वेस्ट टाकतं आणि रिप्लायसाठी थांबतं, सगळ्यांचा रिप्लाय क्यू (मेसेजची रांग) एकच, जो तो आपला कोरेलआयडी (हे कुठल्या रिक्वेस्टचं उत्तर, ते सांगणारी खूण) देऊन गेट करतो, म्हणजे मेसेज उचलतो. रविवारी क्यू मॅनेजर (हे क्यू सांभाळणारा एमक्यूचा भाग) रीस्टार्ट होतो, सोमवारी मस्त पळतं, पण गुरुवारपर्यंत तेच ट्रान्झॅक्शन रडायला लागतं. व्हॉल्यूम तेवढाच, सीपीयू मात्र चढलेला. डीबीटूवाले (डेटाबेसची टीम) म्हणतात आमच्याकडे सगळं ओके (ते कधी दुसरं काही म्हणतात का). सुरुवात कुठून करू?

जेसीएल_बाबा:
बफर पूल (मेसेजसाठी राखलेली मेमरी) वाढवून बघा, आमच्याकडे त्यानेच सुटलं होतं.

डंपवाचक:
बाबा, जरा थांबा. बफर कमी पडले असते तर पेज सेटवरून (डिस्कवरची मेसेजची जागा) वाचायची वेळ वाढली असती, इथे सीपीयू वाढलाय, म्हणजे कोणीतरी वाट बघत बसलेलं नाहीये, फुकटचं राबतंय. आणि रीस्टार्टनंतर बरं होतं म्हणजे तेव्हा काहीतरी साफ होतंय. रिप्लाय नॉन-पर्सिस्टंट (कायम जपून न ठेवलेले) आहेत ना? शेअर्ड क्यू (अनेक क्यू मॅनेजर मिळून वापरतात तो) नसेल तर ते रीस्टार्टला उडतात.

ताई, त्या क्यूची करंट डेप्थ (आत्ता किती मेसेज पडलेत) बघा, आणि इंडेक्स टाइप (मेसेज कशावरून पटकन शोधायचा). तो नन, म्हणजे इंडेक्सच नाही, असा असेल तर कोरेलआयडीने गेट करताना एमक्यू पुढून एकेक मेसेज तपासत जातो, मधे बेवारस रिप्लाय पडलेले असतील तर प्रत्येक गेटला ते सगळे ओलांडायचे. खात्री करायची तर एमक्यूचा अकाउंटिंग ट्रेस क्लास ३ (कामाची तपशीलवार नोंद) थोडा वेळ चालू करा, एसएमएफ ११६ मध्ये (झेडओएसच्या नोंदींपैकी एमक्यूचा रेकॉर्ड) किती मेसेज स्किप झाले ते क्यूनिहाय दिसतं. नंतर आठवणीने बंद करा, डेटा भरपूर पडतो.

ग्रीनस्क्रीनवाली:
इंडेक्स टाइप ननच निघाला!! आणि डेप्थ चाळीस हजाराच्या वर. पलीकडची सिस्टीम उशिरा उत्तर देते, तोवर आमचं गेट टाइमआउट होऊन गेलेलं असतं, मग तो रिप्लाय घ्यायला कोणीच येत नाही. इंडेक्स कोरेलआयडी केला की झालं ना?

डंपवाचक:
स्पीड लगेच येईल, पण कचरा साठतच राहणार आणि एखाद्या आठवड्यात रविवारच्या आधीच पेज सेट भरेल. रिप्लाय टाकणाऱ्या प्रोग्रामला एक्सपायरी (मेसेज किती वेळ ग्राह्य) द्यायला सांगा, ती सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, ३०० दिलं की ३० सेकंद, यात भलेभले फसतात.

एसएमएफ_काका:
एक राहिलं. इंडेक्स लावल्यावर जुन्या मेसेजला कोणी हातच लावत नाही, त्यामुळे एक्सपायर झालेलेही तसेच पडून राहतात. क्यू मॅनेजरचा एक्सपायरी इंटरव्हल (मुदत संपलेले मेसेज दर किती वेळाने झाडायचे) बघा, डीफॉल्ट ऑफ असतो. तो चालू केला तरच मागे झाडू फिरतो. आणि आत्ता पडलेल्या चाळीस हजारांना एक्सपायरीच नाही, ते रविवारच्या रीस्टार्टआधी काढायचे तर हातानेच काढावे लागतील, पीक अवर सोडून.